एकही पान न वगळता

माणसांवर प्रेम करणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण सगळ्या माणसांवर एकाच मापाने, एकाच क्रमाने आणि एकालाही न वगळता प्रेम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दुसऱ्या कुणाचा निघाला असता तर मीही लांबून त्याचं कौतुक केलं असतं. लांबून ते फार थोर वाटतात. जवळून माणूस दमतो. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान. आम्ही कसबा पेठेत आणि ते वारज्यात, म्हणजे मध्ये जवळजवळ अख्खं पुणं आहे. पण एवढं अंतर पुरत नाही हा माझा तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

त्यांचा नियम साधा होता. एकाला जे केलं ते सगळ्यांना करायचं. एकदा त्यांनी मार्केट यार्डातून कोबीचं पोतं आणलं आणि नातेवाइकांची घरं त्यांच्या डोक्यात ज्या क्रमाने बसली होती त्या क्रमाने सकाळपासून वाटत सुटले. माझ्या थोरल्या भावाकडे अकरा माणसं जेवायला आणि आम्ही दोघं. पण दोन्हीकडे गड्डे तेवढेच. मी म्हटलं, अहो, आम्ही दोघंच आहोत. तर म्हणाले, "मी घरं धरतो, माणसं नाही." मग आम्ही दोघांनी कोबीची भाजी, कोबीची पचडी, कोबीच्या वड्या आणि शेवटी कोबीचा नुसता वास असा बराच काळ काढला. एका पावसाळ्यात सगळ्यांना रेनकोट आले, सगळे एकाच मापाचे. त्यात माझी बायको घोट्यापर्यंत बुडाली आणि माझा मेहुणा, जो अंगाने चांगलाच भरलेला आहे, तो हात वर करून त्यात शिरला आणि त्याच अवस्थेत अडकून बसला. साथीच्या दिवसांत साडूंनी काढा केला तो घरच्यांनी प्याला, शेजाऱ्यांनी प्याला आणि ठणठणीत तब्येतीच्या दूधवाल्यानेही दारात उभ्या उभ्या प्याला. बोलण्याचंही तेच. लग्नाला गेले की निघताना यजमानांचा हात हातात घेऊन म्हणत, "सगळं व्यवस्थित पार पडलं, हे महत्त्वाचं." वैकुंठ स्मशानभूमीतून परततानाही ते हेच म्हणत. दोन्हीकडे लोक मान हलवत, त्यामुळे वाक्य बदलण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही.

ह्या सगळ्यात खरी कोंडी झाली ती माझ्या मेहुणीची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला साडू लक्ष्मी रोडवर गेले आणि चार साड्या घेऊन आले. चारही एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या. एक आईला, एक बहिणीला, एक भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आणि एक बायकोला. मेहुणीने त्या चार घड्यांकडे पाहून विचारलं, ह्यातली माझी कुठली? ते म्हणाले, कुठलीही घे, फरक नाही. फरक नाही हे ते किती प्रेमाने म्हणाले होते हे मला ठाऊक आहे, पण पाडव्याच्या संध्याकाळी ती साडी नेसून बसलेली मेहुणी आणि तीच साडी नेसून भांडी घासणाऱ्या बाई, हे दृश्य मीही पाहिलं आहे. बाई खूष होत्या. साडू-मेहुणीला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे तक्रार न्यायला मेहुणीला माझ्या बायकोखेरीज जागा नव्हती. ती आमच्याकडे येऊन बसायची आणि म्हणायची, "ताई, मला दागिना नको, काही नको. आयुष्यात एक गोष्ट त्यांनी मला अशी द्यावी की जी दुसऱ्या कुणालाच दिली नाही. मग ती सुपारी का असेना." माझी बायको तिची समजूत घालायची, की अगं, माणूस सरळ आहे. मेहुणी म्हणायची, सरळ आहेत तेच तर. ही एवढी एक मागणी तिने वर्षानुवर्षं चालवली आणि आम्ही वर्षानुवर्षं ऐकली.

साडूंचा व्यवसाय कॉम्प्युटरचा. शहरात कॉम्प्युटर नावाची वस्तू लोक चपला बाहेर काढून पाहायला जात होते तेव्हापासून ते त्यात होते. पुढे देशाची दारं उघडली, कंपन्या आल्या, शेताडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि साडूही एका मोठ्या कंपनीत पुष्कळ पोरांचे साहेब झाले. तिथे दरवर्षी हाताखालच्या मुलांना श्रेणी द्यायची पद्धत होती. थोडे उत्तम, बरेचसे मध्यम आणि एखाद-दुसरा वाईट असलाच पाहिजे, असा कंपनीचा आग्रह. साडूंनी सगळ्यांना एकच श्रेणी दिली आणि शेऱ्याच्या रकान्यात सगळ्यांसाठी एकच वाक्य लिहिलं. एचआरमधली मुलगी बिचारी समजवायला आली. सर, ऑल सेम कसं चालेल, कर्व्हमध्ये बसवायला लागतं ना, कुणीतरी बॉटमला पाहिजेच, असं म्हणाली. साडू म्हणाले, मग तिथे माझं नाव घाला. कंपनीने ते खरोखरच घातलं. दोन-तीन वर्षं ओळीने तळाला राहिल्यावर साडूंनी कंपनी सोडली आणि वारज्याच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत प्रोग्रॅमिंगचा क्लास काढला.

क्लासला येणारी मुलं बहुतेक पूर्वेकडची. यवतमाळ, अमरावती, वाशीम. चार-चार, पाच-पाच जण मिळून खोली घेऊन राहणारी, आयटीत लागायचं एवढं एकच डोक्यात घेऊन आलेली. त्यांना साडू जे शिकवत त्यात एक धडा असा होता की त्यासाठी मला कसब्यातून बोलावणं यायचं. धडा काय, तर कॉम्प्युटरमध्ये वस्तूंची एक रांग असते, तिला अ‍ॅरे म्हणतात. आणि एखादी क्रिया, म्हणजे फंक्शन, त्या रांगेतल्या प्रत्येकाला लावायची असते. ह्याला आता मॅप म्हणतात असं मुलं सांगत. साडू त्याला पंगत म्हणत. खुर्च्या बाजूला सारून ते मुलांना जमिनीवर ओळीने बसवत, प्रत्येकापुढे ताटली ठेवत, रांग लांब दिसावी म्हणून मलाही मध्ये कुठेतरी बसवत आणि हातात चुरमुऱ्यांचं पातेलं घेऊन वाढायला निघत. वाढपी म्हणजे फंक्शन. त्याला एकच काम येतं. तो चुरमुरे वाढतो तर चुरमुरेच वाढतो, जाताजाता कुणाला पाणी विचारत नाही. ताटली कुणाची आहे, तो कुठल्या गावचा, त्याने फी भरली की नाही, हे तो बघत नाही. आणि पंगतीत जेवढी माणसं तेवढीच पानं वाढून झाली पाहिजेत, एक कमी नाही, एक जास्त नाही. जुन्या पद्धतीत हे काम मोजून करावं लागायचं आणि कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे नवखा पोरगा एकापासून मोजायचा आणि रांगेतला पहिलाच राहून जायचा. असं झालं की साडूंचा चेहरा पडायचा. रागावत नसत. नुसतं म्हणत, "पहिल्याला उपाशी ठेवलंस की रे." दुसरा एखादा रांग संपल्यावरही पुढे जायचा, त्याला म्हणत, तू भिंतीला वाढतोयस. मॅपमध्ये मोजायची भानगडच नाही, म्हणून मॅप निघाला ह्याचा त्यांना घरात नवं माणूस आल्यासारखा आनंद झाला होता.

एकदा अमरावतीच्या एका मुलीने विचारलं, "सर, पण याचं पोट भरलं असन त?" याचं म्हणजे माझं. मी त्या दिवशी आधी दोन पंगतींत रांगेतला घटक म्हणून बसून आलो होतो आणि माझ्यापुढे चुरमुऱ्यांचा ढीग साचला होता. मला त्या मुलीचा फार आधार वाटला. साडू थांबले आणि म्हणाले, "ते बघणं वाढप्याचं काम नाही. ज्याला नको तो बाजूला ठेवेल. आपण कुणाचं पान ओलांडून जायचं नाही." आणि माझ्या ढिगावर आणखी एक मूठ पडली.

हे सगळं वर्गात शोभतं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी हौसेने जिलबीचं ताट हातात घेतलं तेव्हा मी आधी व्याह्यांचं पान कुठे आहे ते पाहिलं. व्याही सदाशिव पेठेतले, रीतभात मानणारे. वरपक्षाला चार वेळा आग्रह व्हावा, त्यांनी चार वेळा नको म्हणावं आणि पाचव्यांदा घ्यावं, ही त्यांची साधी अपेक्षा. साडूंनी त्यांच्या पानात दोन जिलब्या ठेवल्या आणि पुढे गेले. व्याह्यांनी नको म्हणायला वर केलेला हात तसाच राहिला. मग ते शांतपणे म्हणाले, "आपल्याकडे जिलबी रेशनवर मिळते वाटतं." साडूंना टोमणा कळत नाही. ते मागे वळून म्हणाले, "हो, सगळ्यांना दोन. आपल्यालाही आणि मांडववाल्यालाही." ते निस्तरायला मला दोन दिवाळसण लागले. नंतर मी जरा चिडूनच त्यांना विचारलं, की असं काय अडतं हो तुमचं? तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की विद्यार्थी असताना वसतिगृहाच्या पंगतीत त्यांची जागा कायम शेवटची, आणि शेवटच्या पानापर्यंत भाजी कधी आलीच नाही, नुसता रस्सा यायचा. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माझा राग गेला, आणि गेला ह्याचा मला अजून थोडा राग आहे.

मग मेहुणीच्या किडन्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी पथ्यं सांगितली, त्यात पहिलं म्हणजे मीठ बंद. दुसऱ्या कुठल्याही घरात एका माणसाचं वेगळं पातेलं झालं असतं. साडूंनी दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या घराचं मीठ बंद केलं. डबाच काढून टाकला. आमटी अळणी, भाजी अळणी, पोळीची कणीक अळणी. ते स्वतः तेच खात, रविवारी क्लासची मुलं जेवायला थांबत ती तेच खात, आणि आम्ही गेलो की आम्हीही. तिखटजाळ खाऊन वाढलेली ती वऱ्हाडी पोरं घास तोंडात घोळवत एकमेकांकडे बघत राहायची. एकजण हळूच मला म्हणाला, "काका, हे तर आमच्याकडं आजाऱ्याले देतेत." मी म्हटलं, बाबा, इथेही त्यासाठीच केलंय, फक्त वाटप जास्त झालं. पुढेपुढे मी खिशात मिठाची पुडी ठेवू लागलो. मेहुणीच्या ते ध्यानात आलं. ती म्हणाली, "भाऊजी, घ्या तुमचं तुम्ही, मी तिकडे बघते." आणि खरंच खिडकीकडे तोंड करून बसली. त्यानंतर ती पुडी मला काढवेना.

तिला हे आवडलं असेल असं आपल्याला वाटतं. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं. एकदा आमच्यासमोरच ती साडूंना म्हणाली, "अहो, मी एकटी खाईन ना अळणी. आजार तरी माझा एकटीचा राहू द्या." साडू गोंधळून उभे राहिले. आपण बायकोला एकटं पडू दिलं नाही ह्याचं त्यांना समाधान होतं, आणि तिने मागितलं ते नेमकं त्याच्या उलट. ते आत गेले. माझी बायको डोळे पुसत बसली आणि मी वर्तमानपत्राचं तेच पान पुन्हा वाचलं. दोघांचंही बरोबर असलं की तिथे बसलेल्या तिसऱ्या माणसाचे हाल होतात.

आजार वाढत गेला. यंत्रावर रक्त शुद्ध करून आणायचं, दोन दिवस जरा बरं, पुन्हा तेच. साडूंनी क्लास कमी केला, पण रविवारचं जेवण बंद केलं नाही, कारण मुलं घरात आली की मेहुणीला बरं वाटायचं. तिचं खाणं मात्र सुटत चाललं होतं. कशालाच चव नाही म्हणायची. एका शनिवारी डॉक्टरांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता पथ्याचं फार मनावर घेऊ नका, जे खावंसं वाटेल ते थोडं थोडं द्या. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितलं. असं सांगतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही.

त्या रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत नेहमीसारखी पंगत बसली. मुलं ओळीने, मग मी, मग माझी बायको, आणि सगळ्यांच्या शेवटी खुर्चीवर मेहुणी, कारण तिला खाली बसवत नव्हतं. तिचं ताट समोर स्टुलावर. भात झाला, वरण झालं, दुधीची भाजी झाली, सगळं प्रत्येक पानावर पडलं. मग साडू पुन्हा आत गेले आणि एक छोटी वाटी घेऊन बाहेर आले. वाटीत मीठ होतं. मुलांनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली तिचं वर्णन मी करत नाही. पहिल्याने ताटात डावीकडे बोटाने जागा केली. साडू त्याच्यापाशी थांबले नाहीत. दुसऱ्याने ताट पुढे केलं, त्याच्यापाशीही नाही. एकाला वाटलं सर विसरले, तो म्हणाला, "सर, इकडं राहिलं." साडू चालत राहिले. माझ्यासमोरूनही ते तसेच पुढे गेले. उभ्या आयुष्यात ह्या माणसाने कुणाचं पान ओलांडलं नव्हतं, आणि आता एकामागोमाग एक सगळी पानं ओलांडत ते चालले होते. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. ते खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले, वाटीतली एक चिमूट घेतली आणि मेहुणीच्या ताटात ठेवली.

मेहुणीने त्या चिमटीकडे पाहिलं. मग मान वळवून आमच्या सगळ्यांच्या ताटांकडे पाहिलं, अगदी पहिल्या मुलापर्यंत.

"आणि ह्यांना?" तिने विचारलं.

"ह्यांना नाही," साडू म्हणाले. "तुलाच."

तिने वरणभातात मीठ कालवलं आणि एक घास घेतला. इतक्या दिवसांनी ती चव तिच्या जिभेला झेपेना. "खारट झालं हो," ती म्हणाली, आणि ताटात एक शीतही न ठेवता जेवली. आम्ही बाकीचे आमचं अळणी अन्न खाली मान घालून संपवत होतो. पहिल्या मुलाने मिठासाठी केलेली जागा भाताने बुजवून टाकली. पोरं शहाणी होती. परतताना रिक्षात लकडी पुलाशी आल्यावर माझी बायको नुसतं एवढंच म्हणाली, "मिळालं तिला."

त्यानंतर मेहुणी फार दिवस राहिली नाही. तेराव्याला गोडाचं जेवण वारज्यालाच झालं. नातेवाईक होते, सोसायटीतले लोक होते, पूर्वीची नोकरीला लागलेली मुलंही कुठून कुठून आली होती. आम्ही नको नको म्हणत असताना साडूंनी स्वतः वाढायला घेतलं आणि सगळ्यांना सारखं वाढलं. लोक जेवले, हात धुऊन त्यांना भेटले आणि निघाले. समजूत लोकांनी साडूंची घालायची, पण साडूंनीच लोकांची घातली म्हणायला हरकत नाही. घर रिकामं झालं तेव्हा माझी बायको आत उरलंसुरलं झाकत होती. तिने साडूंना विचारलं, "अहो, तुमचं पान कुठे आहे?"

साडू स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ओट्याच्या कोपऱ्याकडे बघू लागले. तिथे काही नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती काढून ठेवायची, दादा."

ते मला दादा म्हणतात. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की वाढणारा स्वतः पंगतीत नसतो. एवढी वर्षं हे गृहस्थ सगळ्यांना वाढून, सगळ्यांत शेवटी आत जायचे, तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात त्यांचं एकट्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते कोण ठेवतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आपण ते ठेवतो हे तिने कधी आमच्याजवळ बोलून दाखवलं नाही. वेगळं एक तरी काही मिळावं म्हणून आमच्या घरी येऊन बसणारी बाई, रोज दोन वेळा कुणाला तरी वेगळं वाढत होती.

माझ्या बायकोने ताट घेतलं. मी भात वाढला, वरण वाढलं, भांड्यात तळाशी राहिलेली खीर वाटीत काढली. साडू ओट्याशीच स्टूल ओढून बसले आणि मान खाली घालून सावकाश जेवले. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, पाठ दुखत होती, पण त्यांचं जेवण होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.